आधी सोंड बघा

मागच्या अंकात मी माव्यावर, म्हणजे झाडांचा रस पिणाऱ्या त्या बारीक किड्यावर, दोन पानं लिहिली होती. ती वाचून आलेली पत्रं संपादकांनी एका कापडी पिशवीत घालून हरिपूरला माझ्याकडे पाठवली. पिशवीत पत्रांबरोबर द्राक्षाची तीन पानं, कढीपत्त्याची एक डहाळी आणि आगपेटीत घातलेला एक मेलेला ढेकूणही निघाला. एकतीस वर्षं कीटकशास्त्र शिकवलं, त्यामुळे असल्या आहेराची मला सवय आहे. गावात मला ‘किडेवाल्या बाई’ म्हणतात, त्याचीही.

विटा, इयत्ता सातवीतली एक मुलगी: आमच्या जास्वंदीवर पिठासारखे पांढरे किडे आलेत. बाबा म्हणाले, ते पिठ्या ढेकूण. आजी म्हणते, ढेकूण गादीत असतो, झाडावर नाही. कुणाचं बरोबर?

अगं, दोघांचंही. आजीला सांग, हे दोन्ही ढेकूण भाऊबंदच आहेत, फक्त जेवायला वेगवेगळ्या घरी जातात.

या कुळाचं शास्त्रीय नाव हेमिप्टेरा, म्हणजे अर्धपंखी. यातल्या बऱ्याच ढेकणांचा पुढचा पंख बुडाशी चामड्यासारखा जाड आणि टोकाला पातळ, पारदर्शक असतो, त्यावरून हे नाव पडलं. पण तू पंखांवर जाऊ नकोस, फसशील. पंखवाल्या माव्याचे पंख सगळेच पातळ असतात, पिठ्या ढेकणाच्या मादीला पंखच नसतात आणि गादीतल्या ढेकणाला उडता येत नाही. तरी सगळे एका घरचे, कारण सगळ्यांचं तोंड एका घडणीचं. जगात या कुळाच्या ८० हजारांहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. आपण ‘ढेकूण चावला’ म्हणतो खरं, पण चावायला त्याला जबडाच नाही. तो टोचतो आणि पितो.

डोक्याखाली एक सोंड असते. काम नसलं की ती घडी घालून पोटाशी ठेवलेली असते. आपल्याला जी सोंड दिसते ती नुसती म्यान. आत केसाहून बारीक चार सुया असतात. बाहेरच्या दोन सुया वाट काढतात. आतल्या दोन एकमेकींत अशा गुंततात की त्यांच्यामध्ये दोन नळ्या तयार होतात. एका नळीतून लाळ खाली जाते, दुसरीतून रस वर येतो. टोचताना म्यान बाहेर वाकून राहते आणि फक्त सुया आत उतरतात.

हे स्वतः बघायचं असेल तर सावरीच्या झाडाखाली जा, नाहीतर भेंडीच्या जून शेंगा शोध. तिथं लाल-काळे ढेकूण हमखास असतात, पुष्कळदा शेपटीला शेपटी जोडून दोघं दोन दिशांना ओढत चाललेले. एकाला कागदावर घेऊन अलगद उलटा कर आणि भिंग लाव. पायांच्या मध्ये काळसर रेघ दिसेल, ती सोंड. हे ढेकूण बी पितात. कोरडं बी प्यायचं कसं? आधी आत लाळ सोडायची, लाळेनं गर पातळ झाला की ओढून घ्यायचा. एक मात्र लक्षात ठेव. सोंड आखूड आणि कमानीसारखी वाकलेली दिसली तर हात मागे घे. तो दुसऱ्या किड्यांची शिकार करणारा ढेकूण असतो. बोटाला टोचला तर चांगलीच आग होते.

आणि सरांना विचारण्यासाठी एक प्रश्न माझ्याकडून: पांढरी माशी ही माशी आहे का? (नाही. तीही याच घरातली. उत्तर सरांना लगेच सांगू नकोस.)

मणेराजुरी, एक द्राक्ष बागायतदार: घडात मिलीबग (पिठ्या ढेकूण) आहे. औषध बदलून तीन फवारे झाले. घड चिकट झालेत, वर काळं चढलंय. बागेत मुंग्याही फार आहेत. मुंग्यांमुळं मिलीबग येतो का मिलीबगमुळं मुंग्या? माल बेदाण्याला तरी चालेल का?

मुंग्यांचं आधी सांगते, कारण प्रश्न फार बरोबर जागी विचारलाय.

पानात तयार झालेली साखर जिच्यातून घडाकडे आणि मुळांकडे वाहते ती रसवाहिनी. मिलीबगची सुई तिथं जाते. ती पेशी फोडत सरळ घुसत नाही. दोन पेशींच्या सांध्यातून वळणं घेत जाते आणि जाता जाता लाळेचं एक आवरण करत जाते. हे आवरण लगेच घट्ट होतं. विद्यार्थ्यांना मी पानाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायचे. किडा कधीच निघून गेलेला असतो, पण त्याच्या सुईची वाट आत तशीच असते, विहिरीत सोडलेल्या पाइपासारखी.

आता त्या रसात काय असतं? साखर भरपूर. पण अंग वाढवायला लागणारी अमिनो आम्लं फार थोडी. तुम्हाला कुणी सांगितलं की वर्षभर नुसत्या उसाच्या रसावर जगा, तर काय कराल? अंगाला पुरेसं मिळावं म्हणून घागरीच्या घागरी प्याल आणि साखर डोईजड होईल. मिलीबगचं नेमकं तेच होतं. काही उणी असलेली अमिनो आम्लं त्याच्या अंगातले जिवाणू त्याला बनवून देतात. हे जिवाणू आईकडून पिल्लांना मिळतात. तरीही त्याला नको तेवढा रस ओढावाच लागतो, आणि जास्तीची साखर पाण्यासकट मागून टाकावी लागते. तुमच्या घडावरचा चिकटा म्हणजे ही टाकलेली साखर.

मुंग्या त्या चिकट्यासाठी येतात. त्यांच्या लेखी मिलीबग म्हणजे दुभती गाय. मुंग्या ही गाय निर्माण करत नाहीत, पण तिची राखण करतात. मिलीबग खाणारा मित्रकिडा आला की त्याच्या अंगावर धावून जातात. म्हणजे आधी मिलीबग, मग मुंगी. पण मुंगी बंद केल्याशिवाय मिलीबग हटत नाही, हेही तेवढंच खरं.

काळं आहे ती काजळी, म्हणजे बुरशी. ती साखरेवर वाढते, वेलीच्या आत शिरत नाही. त्यामुळं तिच्यासाठी वेगळं बुरशीनाशक आणण्यात पैसे घालू नका. चिकटा थांबला की तिचं जेवण संपतं. पानावर दाट चढली तर ऊन अडवते, तेवढं नुकसान मात्र आहे.

बेदाण्याचं स्पष्टच सांगते. धुऊन वरवरचं जाईल. देठाशी, मण्यांच्या फटीत चढलेलं राहील आणि निवडताना काळे मणी बाजूला पडतील. जास्त बिघडलेले घड आत्ताच कापून बागेबाहेर काढा. चांगल्याबरोबर ठेवून सगळ्याचाच भाव पाडून घेऊ नका.

तीन फवारे का वाया गेले? अंगावर मेणाचं पीठ आहे, पाणी त्यावरून ओघळतं. अंडी कापसासारख्या पिशवीत असतात, एकेका पिशवीत शेकड्यांनी. आणि घडात जेवढे दिसतात तेवढेच खोडाच्या सुटलेल्या सालीखाली आणि ओलांड्याच्या, म्हणजे खोडाच्या आडव्या फांद्यांच्या, खाचांत बसलेले असतात. फवारा घडावर, शत्रू सालीखाली.

इथं मला माझी एक लाज सांगावी लागेल. सोनी गावाला माझ्या भावाची दोन एकर बाग होती. मी नोकरीला नुकतीच लागलेली, पहिल्या वर्षाची ऐट अंगात. भावाला सांगितलं, घडातले मोठे मोठे, लांब पांढऱ्या झिपऱ्यांचे मिलीबग आधी वेचून रॉकेलमध्ये टाका, तेच पिल्लावळ वाढवतात. त्यानं चार बायका लावून दोन दिवस वेचणी केली. तिसऱ्या दिवशी मी भिंग घेऊन गेले आणि डब्यात बघितलं. मिलीबग नव्हतेच ते. क्रिप्टोलिमस नावाच्या भुंग्याच्या अळ्या होत्या, ज्यांचं खाणंच मिलीबग. आम्ही मजुरी देऊन राखणदार मारले होते. भाऊ आजही लग्नकार्यात चारचौघांत विचारतो, “आक्का, औंदा काय वेचायचं?”

ही अळी ओळखायची खूण सोपी आहे. मेणाच्या झिपऱ्या तिलाही असतात, पण ती मिलीबगपेक्षा मोठी असते, झिपऱ्या लांब असतात, आणि काडीनं डिवचली की लगबगीनं पळते. मिलीबग आळशी. मोठा झालेला भुंगा लहानसा, गडद रंगाचा, डोकं आणि मागचं टोक नारिंगी. मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८९८ साली कॉफीवरच्या खवले किडीसाठी तो आपल्याकडे आणला गेला आणि इथलाच झाला.

मग करायचं काय? या हंगामात आता फार काही होणार नाही. खरी वेळ माल निघाल्यावरच्या खरड छाटणीनंतरची. खोड-ओलांड्यावरची सुटलेली साल काढा, आणि ती बांधावर टाकू नका, जाळा. बांधावर टाकलेला मिलीबग परत येतो. खोडाला चिकट पट्टी बांधून मुंग्यांची वाट तोडा. तारेवरून आणि खांबावरून त्यांनी दुसरी वाट काढली आहे का तेही बघा, काढतातच. मग क्रिप्टोलिमस सोडायचे असतील तर सोडा, पण त्यानंतर शेजाऱ्यानं मारला म्हणून तुम्ही फवारा मारू नका. औषधाचं नाव मी इथं छापणार नाही. लेबलवर द्राक्ष पीक आणि मिलीबग लिहिलेलं आहे का आणि पीएचआय (शेवटचा फवारा आणि तोडणी यांत ठेवायचं अंतर) किती दिवसांचा आहे, हे दोन्ही स्वतः वाचल्याशिवाय बाटली घेऊ नका.

कडेगाव, एक शेतकरी: भेंडीवर बीटी पावडर मारली. अळी मेली, पांढरी माशी तशीच आहे. केवडाही वाढला. दुकानदार म्हणतो, डोस वाढवा.

डोस दुप्पट करा नाहीतर दहापट, पांढऱ्या माशीला फरक पडणार नाही. बीटी हे एका जिवाणूपासून मिळणारं पोटविष आहे. ते पानाच्या पृष्ठभागावर बसतं आणि पान कुरतडणाऱ्या अळीच्या पोटात जातं. पांढरी माशी पान खात नाही. तिची सुई तुमची पावडर ओलांडून आत रसवाहिनीत गेलेली असते. ताटावर विष शिंपडलंत, पाहुणा स्ट्रॉनं शहाळं पितोय. कापसात बीटी आल्यावर बोंडअळी आटोक्यात आली तरी तुडतुडे आणि मावा हटले नाहीत, त्याच्या मुळाशीही हेच आहे की बीटी हे अळीचं विष आहे, रस पिणाऱ्यांचं नव्हे.

केवडा हा भेंडीचा रोग होतो विषाणूमुळं. एका झाडाचा रस पिऊन माशी दुसऱ्यावर बसली की तो लाळेबरोबर जातो. पिवळं जाळं पडलेली झाडं बरी होत नाहीत, उपटून टाका, तीही लवकर. प्लॉटमध्ये पिवळे चिकट सापळे लावा, निंबोळी अर्क पानाच्या मागच्या बाजूला पोचेल असा मारा. झाडात भिनणारी आंतरप्रवाही औषधं रसातूनच किड्यापर्यंत जातात, म्हणून ती इथं लागू पडतात. पण भेंडीला फुलं असताना मधमाश्यांचं काय, आणि एक दिवसाआड तोडणी असताना खाणाऱ्याचं काय, याचा विचार तुम्हीच करायचा.

भिलवडी, एक ऊस उत्पादक: २००२ च्या लोकरी माव्याचं मी मुलाला सांगतो तर त्याला अतिशयोक्ती वाटते. तो खरोखर कशामुळं गेला? परत येईल का?

मुलाला सांगा, बाई साक्षीदार आहेत.

त्या वर्षी जुलैमध्ये आपल्याच सांगली जिल्ह्यात तो दिसला, आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्रातून शेजारच्या कर्नाटकात पसरला. मी पलूस भागातल्या एका फडात विद्यार्थ्यांना घेऊन गेले होते. पानाच्या मागच्या बाजूला पिंजलेला कापूस चिकटवावा तसा तो मध्यशिरेच्या दोन्ही अंगांना बसलेला. सरीतून चालत बाहेर आलो तर सगळ्यांचे केस पांढरे. एक पोरगा म्हणाला, “मॅडम, आपण सगळेच रिटायर झालो.” खालची पानं काजळीनं काळी, वरून चिकटा ठिबकतोय, पायाखाली पाचट चपलेला चिकटतंय. घाबरलेले शेतकरी रात्री-अपरात्री फोन करायचे.

ती लोकर म्हणजे मेण. आत मावा. माव्याच्या वाढीचं गणित ऐकलं की मुलगा गप्प बसेल. मादीला नराची गरज लागत नाही, ती अंडी न घालता थेट पिल्लं देते, आणि जन्माला येणाऱ्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिढीची वाढ आधीच सुरू झालेली असते. म्हणजे आई, लेक आणि नात एकाच अंगात. त्यात ढगाळ, दमट हवा, आणि कृष्णाकाठी बारा महिने कुठं ना कुठं उभा असलेला ऊस. शिवाय युरिया हात सैल सोडून दिलेला. नत्र जास्त झालं की रसात अमिनो आम्लं वाढतात, आणि माव्याला हवं असतं ते नेमकं हेच. हिरवागार, लुसलुशीत फड बघून आपल्याला जेवढा आनंद होतो तेवढाच त्यालाही होतो.

तो गेला कशामुळं? फवाऱ्यानं गेला असं मी म्हणणार नाही. दहा-बारा फूट वाढलेल्या उसात पाठीवर पंप घेऊन पानाच्या मागच्या बाजूला औषध पोचवणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. त्याला आवरलं ते तीन जीवांनी. एक डिफा, ज्याला तेव्हा आपण कोनोबाथ्रा म्हणायचो. दुसरा मायक्रोमस, हा मावा खाणारा जाळीदार पंखांचा किडा. तिसरी एन्कार्शिया, ही माव्याच्या अंगातच अंडी घालणारी बारीक गांधीलमाशी. यातला कोनोबाथ्रा म्हणजे एका पतंगाची अळी. माव्याच्या लोकरीतच ती रेशमी जाळं विणून राहते आणि आतून मावा खात जाते. गंमत बघा, अळी दिसली की चिरडायची ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, आणि इथं अळीच तारणहार. मला आठवतंय, कोनोबाथ्रा असलेली पानं कापून, ओल्या गोणपाटात गुंडाळून मोटारसायकलवरून एका गावातून दुसऱ्या गावात नेली जायची. पाहुण्याला घरी नेतात तशी जपून. उसात अशी अदलाबदल मी त्याआधी फक्त बेण्याची बघितली होती.

परत येईल का? अधूनमधून दिसतोच, ठिगळाठिगळानं. पण हे तिघेही आता आपल्याकडे मुक्कामाला आहेत. दिसला की आधी लोकर बाजूला करून आत जाळं आणि अळी आहे का बघा. असेल तर पंप घरी ठेवा.

तुम्ही पत्राच्या शेवटी पाकोळीचं, म्हणजे उसाचा रस पिणाऱ्या पायरिला किड्याचं, विचारलंय, “ती चोचीनं रस ओढते ना?” नाही. पाकोळीच्या डोक्याला पुढं जे टोक आहे ते नुसतं डोक्याचं टोक. खरी सोंड खाली, पोटाशी दुमडलेली. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी परीक्षेत हटकून त्या टोकाकडे बाण काढून ‘सोंड’ लिहायचे आणि मी हटकून एक गुण कापायचे. पाकोळीच्या पाठीवर पांढरी, मेणकट अळी चिकटलेली दिसली तर ती एपिरिकॅनिया, पाकोळीचाच रस पिणारी. तिलाही हात लावू नका.

सातारा, एक गृहिणी: गच्चीवरच्या कढीपत्त्याचे कोवळे शेंडे मुरडतात, त्यावर पांढरे दोऱ्यासारखे काहीतरी असते. डहाळी पाठवत आहे.

डहाळी पोचली. सायला नावाचा रस पिणारा किडा आहे, लिंबावर येतो तोच. पांढरे दोरे त्याच्या पिल्लांचे. मुरडलेले शेंडे खुडून पिशवीत बांधून टाका, नव्या फुटीवर साबणाचं सौम्य पाणी मारा आणि पानं वापरण्याआधी धुऊन घ्या. गच्चीवर लिंबाचं झाड असेल तर तेही तपासा.

वाई, एक निवृत्त मुख्याध्यापक: मे महिन्यात महाबळेश्वरला गेलो होतो. आकाश निरभ्र, पण एका झाडाखाली बारीक तुषार पडत होते. वर किड्यांचा कर्कश आवाज. सोबतचे लोक ‘झाड रडतंय’ म्हणाले. काय प्रकार असावा?

गुरुजी, झाड रडत नव्हतं. वर बसलेले सिकाडे लघवी करत होते. तीर्थ म्हणून कुणी डोळ्यांना लावलं नसेल, अशी आशा आहे.

हे किडेही ढेकणांच्या कुळातले. रातकिडे वेगळे, ते यांत येत नाहीत. सिकाडे दिवसाही किर्र ओरडतात आणि ओरडतो तो फक्त नर. पण मिलीबग आणि सिकाडा यांच्या पिण्यात एक मोठा फरक आहे, आणि मला सगळ्या विषयात तो सर्वांत रंजक वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

रसवाहिनीतला रस दाबाखाली असतो. मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षाही कितीतरी जास्त दाबाखाली. माव्यानं तिथं सुई खुपसली की रस आपोआप वर चढतो, त्याला फक्त तोटी सांभाळायची असते. १९५३ साली केनेडी आणि मिटलर या दोघा संशोधकांनी या गोष्टीचा मोठा युक्तीनं उपयोग केला. पिणाऱ्या माव्याला सुईपासून कापून वेगळं केलं आणि सुई झाडातच ठेवली. किडा नाही, तरी त्या तुटक्या सुईच्या टोकातून रसाचे थेंब येतच राहिले. झाडाचा शुद्ध रस मिळवायला माणसानं केलेली कुठलीही सुई इतकी चांगली ठरली नव्हती.

सिकाडा मात्र रसवाहिनीत जात नाही. तो जलवाहिनीतून पितो, मुळांनी शोषलेलं पाणी जिथून वर चढतं त्या नळीतून. तिथं दाब नसतो, उलट ओढ असते. पानांतून पाण्याची वाफ होते आणि ती खालचं पाणी वर खेचत असते. म्हणजे सिकाड्याला झाडाशी रस्सीखेच करावी लागते. त्याचं कपाळ पुढून फुगलेलं आणि आडव्या रेघांचं दिसतं ते यासाठी. आत रस उपसणाऱ्या पंपाचे दांडगे स्नायू असतात. एवढी ओढाताण करून मिळतं काय, तर जवळजवळ नुसतं पाणी. म्हणून ते अतोनात प्यायचं आणि अतोनात टाकायचं. मिलीबगनं टाकलेलं चिकट असतं, सिकाड्यानं टाकलेलं पाण्यासारखं. तुमच्या अंगावर पडलेले तुषार चिकट नव्हते ना? तीच खूण. सिकाड्यांची पिल्लं तर जमिनीखाली मुळांना सुई लावून वर्षानुवर्षं पीत बसतात. आपल्याला दिसतो तो मेमधला सोहळा म्हणजे त्यांच्या आयुष्याचे शेवटचे काही आठवडे.

ऑगस्टमध्ये कास पठारावर गेलात तर गवताच्या काड्यांवर थुंकीसारखा फेस दिसेल. पुष्कळ लोक नाक मुरडून पोरांना लांब ओढतात. बोटानं तो फेस बाजूला करा, आत एक मऊ, फिकट पिल्लू असेल. तेही जलवाहिनीतूनच पितं आणि टाकलेल्या पाण्यात हवा भरून फेस करतं. आत अंग ओलं राहतं, उन्हापासून आणि शत्रूपासून आडोसाही होतो. बघून झालं की काडी तशीच सोडा आणि फुलांत पाऊल टाकू नका, एवढी विनंती मुख्याध्यापकांना करायला नको खरं तर.

म्हसवड, एक वाचक: आजोबा सांगायचे, माणदेशात पूर्वी फड्या निवडुंगाचं रान होतं आणि ते एका किड्यानं खाऊन संपवलं. ही थाप आहे का खरं?

किड्यानं संपवलं हे खरं. खाल्लं नाही, प्यालं.

फड्या निवडुंग मूळचा अमेरिका खंडातला. आपल्याकडे आला आणि कुंपण म्हणून लावता लावता रानच्या रान व्यापून बसला. त्याचा पिढीजात शत्रू म्हणजे कोचिनील किडा, मिलीबगचाच चुलतभाऊ. मादी एकदा फडावर, म्हणजे निवडुंगाच्या जाड, चपट्या फांदीवर, सुई खुपसून बसली की तिथून हलत नाही, अंगावर पांढरं मेण पांघरून आयुष्यभर पीत राहते. नुकत्या जन्मलेल्या पिल्लांच्या अंगावर मेणाचे लांब तंतू असतात, वारा आला की ती त्यांच्या आधारानं उडत दुसऱ्या झाडावर जातात. माणदेशच्या वाऱ्यात तर काय विचारता.

यामागची गोष्ट मात्र चुकीपासून सुरू होते. कोचिनीलच्या एका जातीपासून किरमिजी रंग मिळतो, आणि त्या रंगाला एकेकाळी सोन्याचा भाव होता. १७९५ साली इंग्रजांनी ब्राझीलहून तो किडा म्हणून जो आणला, तो निघाला भलताच. रंग कमी प्रतीचा. पण त्यानं निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडला. अडचण अशी की हे किडे खाण्याच्या बाबतीत फार सोवळे. एका जातीच्या निवडुंगावर जगणारा दुसऱ्या जातीला तोंड लावत नाही. त्यामुळं फड्याची दुसरी, काटेरी जात पसरतच राहिली. शेवटी १९२६ साली श्रीलंकेहून कोचिनीलची दुसरी जात आणली, तेव्हा तीही हटली. आजोबांचं सांगणं त्या काळाशी जुळतं. बाहेरून आणलेल्या किड्यानं तण मारण्याचं हे जगातल्या सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक, आणि आपल्याच देशातलं.

शिल्लक राहिलेल्या निवडुंगाच्या बेटांवर तो अजून सापडतो. फडावर चुन्याचे ठिपके पडावेत तसे पांढरे पुंजके दिसले तर एक पुंजका काडीनं काढून कागदावर दाबा. लालभडक डाग पडेल, हाताला लागला तर दोन दिवस जात नाही. असा फड मिळाला तर माझ्यासाठी संपादकांच्या पत्त्यावर जरूर पाठवा. फक्त प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत घाम धरून सगळं कुजतं. काटे चिमट्यानं काढा, वर्तमानपत्राच्या चार घड्या करा, आणि वर मोठ्या अक्षरात लिहा: ‘आत निवडुंग आहे’. मागं एकानं न लिहिता पाठवला होता, त्या पोस्टमननं महिनाभर माझ्या घराची कडी वाजवली नाही.